परसांतील पालट: काय उपटावें, काय राखावें, काय पेरावें

पावसाळा सरत आला म्हणजे आपल्या खेड्यांतील परसांत एक ठराविक देखावा दिसूं लागतो. भेंडीचीं झाडें कमरेहून उंच झालेलीं असतात, पण त्यांस दिवसाआड चारदोन शेंगा लागतात. दोडक्याचा वेल मांडवावर वाळत असतो. काकडीचीं पानें पांढुरकीं पडलेलीं असतात. तरी त्यांस हात लावण्यास कोणी धजत नाहीं, कारण अजून कांहीं तरी मिळत असतें. मग दिवाळी होते, वेल पुरते वाळून जातात, आणि तेव्हां घरधनी कुदळ हातीं घेतो. त्या वेळीं पेरलेला कोबी फेब्रुवारीच्या अखेरीस गड्डा धरूं पाहतो, तेव्हां ऊन तापलेलें असतें व विहिरीचें पाणी तळास गेलेलें असतें. असा प्रकार आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिला आहे. त्यांत कष्टाची उणीव नसते. वेळेचा हिशोब तेवढा केलेला नसतो.

प्रिय वाचकहो, या पाठाचा सारांश आम्ही आरंभींच सांगून टाकतों. हिवाळी भाजीपाला हिवाळ्यांत सुरू होत नाहीं. तो पावसाळा संपण्यापूर्वींच सुरू करावा लागतो. जुन्या पिकाचा शेवट व नव्या पिकाचा आरंभ हीं दोन कामें एकामागून एक करावयाचीं नसून एकाच वेळीं करावयाचीं आहेत. हें ज्यास उमगलें त्याच्या घरीं डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत रोज ताजी भाजी शिजेल, आणि उरलेली आठवड्याच्या बाजारांत विकून तेलमिठाचा खर्चहि निघेल. जेथें लहान मुलें आहेत तेथें तर ही गोष्ट चैनीची नव्हे. मेथी, पालक व गाजर यांपासून अ जीवनसत्त्व मिळतें, आणि त्याच्या अभावीं मुलांस रातांधळेपणा येतो. म्हणून ज्यांस वाचतां येतें त्यांनीं हा पाठ शेजाऱ्यांस मोठ्यानें वाचून दाखवावा.

१. थंडीचे दिवस मोजून घ्यावे

बर्फाच्या देशांत माळ्यास थंडीची भीति असते. पहिलें हिम पडण्यापूर्वीं त्यास बाग आवरावी लागते. आपल्या देशावर याच्या उलट आहे. येथें थंडी ही भाजीपाल्याची वैरीण नसून मैत्रीण आहे, परंतु ती थोडे दिवस राहणारी पाहुणी आहे. पुणें, नाशिक व अहिल्यानगर या बाजूस नोव्हेंबरच्या मध्यापासून रात्री गार होऊं लागतात. डिसेंबर व जानेवारी या दोन महिन्यांत पहांटेचें तपमान बहुधा १० ते १३ अंशांच्या आसपास असतें; निफाडाकडे तें याहूनहि पुष्कळ खालीं उतरतें. फेब्रुवारी संपतो न संपतो तों दुपारचें ऊन ३३ अंशांच्या आसपास जातें. म्हणजे खरी थंडी अवघी तीन महिने.

आतां कोबीचा हिशोब पाहा. बीं टाकल्यापासून रोप लावण्याजोगें होण्यास ४ ते ५ आठवडे लागतात. लावल्यापासून गड्डा भरण्यास गोल्डन एकर सारख्या हळव्या जातीस सुमारें ६० ते ७० दिवस लागतात. गरव्या जातीस याहून अधिक. म्हणजे हळव्या जातीसहि एकंदर १०० दिवस धरावे. जो १० सप्टेंबरला बीं टाकतो, त्याचीं रोपें ऑक्टोबरच्या मध्यास लागतात व गड्डे डिसेंबरच्या उत्तरार्धांत, म्हणजे ऐन थंडींत, घट्ट भरतात. जो १० नोव्हेंबरला बीं टाकतो, त्याचे गड्डे फेब्रुवारीच्या उत्तरार्धांत येतात. ते सैल राहतात, माव्यानें भरतात व त्यांस पाणीहि अधिक लागतें. दोघांचें बीं एक, जमीन एक, श्रम एक; फरक केवळ दोन महिन्यांचा.

हे दिवस मोजतांना सणांवर भिस्त ठेवूं नये. गणेशचतुर्थी कधीं ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यांत येते, तर कधीं सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत. दिवाळीहि तशीच मागेंपुढें होते. चांद्र महिने अधिक मासामुळें सरकतात. परंतु आपल्या वाडवडिलांनीं शेतीस लाविलेलीं नक्षत्रें सूर्यावरून मोजलेलीं असल्यामुळें तीं दर वर्षीं बहुतेक त्याच तारखांस येतात: उत्तरा १३ सप्टेंबरच्या सुमारास, हस्त २७ सप्टेंबरच्या, चित्रा १० ऑक्टोबरच्या व स्वाती २४ ऑक्टोबरच्या सुमारास. ज्यांच्या घरीं दिनदर्शिका आहे त्यांनीं तारीख पाहावी. ज्यांस नक्षत्रें ठाऊक आहेत त्यांनीं नक्षत्रें धरावीं.

२. रोपें आधीं तयार करावीं

कोबी, फुलकोबी, नवलकोल, टोमॅटो व कांदा यांचें बीं गादीवाफ्यावर टाकून रोपें करितात, आणि त्यांतच आपली सोय आहे. ३ मीटर लांब व १ मीटर रुंद एवढा एकच वाफा एका घरास पुरून उरतो. कोबीच्या १ ग्रॅम बियांत २५० हून अधिक दाणे भरतात. तेव्हां भेंडी व वेल आपल्या जागीं उभे असतांनाच कोपऱ्यांतील त्या वाफ्यांत पुढील बाग वाढूं लागते, आणि जुन्या पिकाची जागा मोकळी होईपर्यंत रोपें हातभर पुढें गेलेलीं असतात.

वाफा १५ सेंटिमीटर उंच करावा, कारण सप्टेंबरांत पावसाचा भरंवसा नसतो. भारतीय हवामान विभागानें २०२० सालीं पावसाच्या सरासरी तारखा सुधारल्या, तेव्हां मुंबईहून मोसमी पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबर होती ती ८ ऑक्टोबर ठरविली. म्हणजे हस्ताचा पाऊस रोपांवर पडणार हें धरूनच चालावें. वाफ्यांत पाणी सांचलें अगर बीं दाट पडलें कीं बुरशीमुळें कोंवळीं रोपें जमिनीलगत कुजून आडवीं पडतात. एका रात्रींत अर्धा वाफा जातो. उपाय साधे आहेत. बीं मुठीनें फेंकूं नये. चार बोटांच्या अंतरावर रेघा ओढून त्यांत विरळ टाकावें. वरून चाळलेलें शेणखत घालून वाळलेल्या गवतानें झांकावें, आणि मोड दिसतांच तें गवत सायंकाळीं काढून घ्यावें. पाणी झारीनें सकाळीं द्यावें, म्हणजे रात्रीपर्यंत माती वरून सुकते. जोराच्या सरींपासून रक्षणासाठीं बांबूच्या कमानींवर प्लास्टिकचा कागद घालावा, पण दोन्ही टोंकें वाऱ्यास उघडीं ठेवावीं. लावणीपूर्वीं आठवडाभर पाणी कमी करीत जावें, म्हणजे रोपें काटक होतात. लावणी सदैव दिवस कलल्यावर करावी.

हल्लीं तालुक्याच्या गांवीं तयार रोपें विकत मिळतात. तीं घेण्यास हरकत नाहीं. मात्र जातीचें नांव विचारल्यावांचून घेऊं नयेत. फुलकोबीच्या बाबतींत तर हें अगदीं अवश्य आहे. हें पीक आपल्या देशांतील नव्हे. इंग्लंडांतून त्याचें बीं १८२२ सालीं सहारनपूरच्या कंपनी बागेंत आलें. पुढें येथील माळ्यांनीं पिढ्यान् पिढ्या निवड करून उष्ण हवेंत गड्डा धरणाऱ्या जाती तयार केल्या. त्यामुळें आज हळव्या, निमगरव्या व गरव्या अशा निरनिराळ्या जाती आहेत, आणि प्रत्येकीस आपापली ठरलेली हवा लागते. पुसा दीपाली ही हळवी, तर पुसा स्नोबॉल ही गरवी. गरवी जात लवकर लावली तर नुसतीं पानें माजतात व गड्डा धरत नाहीं. हळवी जात उशिरां लावली तर गुंडीएवढा गड्डा येऊन झाड खुंटतें. यांत खताचा दोष नसतो व मातीचाहि नसतो.

३. काय उपटावें

सर्व बाग एका दिवशीं साफ करूं नये. वाफ्यामागून वाफा मोकळा करावा. परसांत चार वाफे असले तर सप्टेंबरच्या अखेरीस एक, ऑक्टोबरांत दोन, असा क्रम धरावा. कोणता आधीं हें ठरविण्यास एक कसोटी आहे. ज्या वाफ्याची आठवड्याची तोड एका वेळच्या कालवणास पुरत नाहीं, तो वाफा आपल्या जागेचें भाडें देत नाहीं असें समजावें. या कसोटीनें काकडी व दोडका बहुधा प्रथम निघतात, त्यांच्यामागून गवार, आणि मग भेंडी.

ज्या भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या आहेत तीं झाडें मात्र वाट न पाहतां काढून जाळावीं, कारण पांढरी माशी तो रोग झाडाझाडांतून पसरविते. निरोगी पाला खताच्या खड्ड्यांत घालावा. बियांसाठीं शेवटची खुरटलेली शेंग राखण्याची रीति वाईट आहे. भर बहरांत निरोगी झाडावर खूण बांधून त्याच्याच शेंगा वाळूं द्याव्या. गवार, चवळी व घेवडा हीं झाडें उपटूं नयेत, विळ्यानें जमिनीसरशीं कापावीं. त्यांच्या मुळ्यांवरील गांठींत हवेंतील नत्र सांठविलेला असतो. मुळ्या मातींत कुजल्या म्हणजे त्याचा कांहीं अंश पुढील पिकास मिळतो.

येथें एक परीक्षा प्रत्येकानें करावी. भेंडीचें एक झाड मुळासकट हळूच खणून पाण्यांत धुवावें व मुळ्या पाहाव्या. मूळच जागोजागीं सुजून गांठाळ झालें असेल, तर जमिनींत सूत्रकृमी झाले आहेत. गवारीच्या मुळांवरील उपकारक गांठ बाहेरून चिकटल्यासारखी असते व नखानें सहज निघते. सूत्रकृमींची गांठ ही मुळाचाच फुगलेला भाग असल्यामुळें निघत नाहीं. अशा वाफ्यांत टोमॅटो अगर गाजर लावणें म्हणजे बीं फुकट घालविणें होय. तेथें झेंडू दाट लावावा. त्याच्या मुळ्यांतील रस या कृमींस मारक आहे.

४. काय राखावें

उपटण्याचा हुरूप आला म्हणजे राखावयाचें तेंहि जातें. जुलैंत लाविलेलें वांगें थंडींतहि फळतें. त्याचीं किडकीं फळें व शेंडे काढून बुडाशीं दोन पाट्या खत द्यावें. मिरचीहि राहूं द्यावी, आणि तिच्या ओळींमध्यें कोथिंबीर पेरावी. बांधावरील तूर तर आतां कोठें फुलावयाची असते.

सर्वांत अधिक अन्याय वालाच्या व पावट्याच्या वेलावर होतो. जूनपासून कुंपणावर चढून त्यानें चार महिने नुसतीं पानें दिलेलीं असतात, म्हणून घरांतील माणसें त्यास वांझ म्हणून काढून टाकतात. परंतु आपल्याकडील जुन्या जातींचा वेल दिवस लहान होऊं लागल्यावांचून फुलत नाहीं. ऑक्टोबर व नोव्हेंबरांत त्यास फुलें येतात आणि हिवाळाभर शेंगा मिळतात. ज्याची वेळ गेली आहे त्यास राखणें व ज्याची वेळ येत आहे त्यास उपटणें, या दोन्ही चुका एकाच अज्ञानांतून होतात.

५. जमीन व फेरपालट

मोकळा झालेला वाफा वीतभर खोल खणून आठ दिवस उन्हांत तापूं द्यावा. ऑक्टोबरचें ऊन आपणांस नकोसें होतें, पण मातीस तें औषध आहे. हरळी व लव्हाळा मुळासकट वेंचावा. मग दर चौरस मीटरास २ ते २½ किलो पूर्ण कुजलेलें शेणखत मिसळावें. ज्या खतास अजून शेणाचा वास येतो तें मुळा व गाजर यांस घालूं नये. त्यांचीं मुळें फाटे फुटून वांकडीं होतात.

कोठें काय लावावें याचा नियम असा कीं, एका कुळाच्या मागून तेंच कुळ लावूं नये. वांगें, मिरची, टोमॅटो व बटाटा हीं एका कुळांतील. त्यांचे रोग सामायिक असतात. गवारीच्या अगर चवळीच्या जागीं कोबी व फुलकोबी लावावे, कारण त्यांस नत्र पुष्कळ लागतो. काकडी व दोडक्याच्या जागीं कांदा, लसूण व पालेभाज्या, आणि निरोगी भेंडीच्या जागीं वाटाणा पेरावा.

६. काय केव्हां पेरावें

उत्तरा नक्षत्रांत कोबी, फुलकोबी, नवलकोल व टोमॅटो यांचें बीं वाफ्यावर टाकावें. चित्रांत त्यांची लावणी करावी. कोबी व फुलकोबी हातभर अंतरानें, नवलकोल वीतभर अंतरानें.

हस्त सरतांच मुळा, मेथी, पालक व कोथिंबीर पेरण्यास आरंभ करावा. हीं पिकें थेट वाफ्यांत पेरावयाचीं आहेत. मेथी महिन्याभरांत काढणीस येते, म्हणून सारी एकदम पेरूं नये. दर दहाबारा दिवसांनीं एक पट्टा पेरीत गेल्यास बाजाराच्या दर फेरीस जुडी तयार असते. कोथिंबिरीचा धना चपलेखालीं हलकेच रगडून दोन डाळिंब्या कराव्या व रात्रभर भिजवाव्या, म्हणजे उगवण चांगली होते; तरी आठदहा दिवस धीर धरावा लागतो. पालक बुडाशीं न उपटतां कापावा, म्हणजे पुन्हां पुन्हां फुटतो.

स्वाती नक्षत्रापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत वाटाणा, गाजर व लसूण लावावा. वाटाणा याहून लवकर पेरला तर फुलोऱ्यास ऊन लागून शेंगा धरत नाहींत. गाजराचें बीं बारीक असल्यामुळें तें वाळूंत मिसळून पेरावें, आणि रोपें उपटून दुसरीकडे लावूं नयेत. लसणीच्या बाहेरील ठसठशीत पाकळ्याच लावण्यास घ्याव्या. बारीक पाकळ्या फोडणीस ठेवाव्या.

कांद्याच्या बाबतींत मात्र घाई नको. उन्हाळी कांद्याचें बीं, उदाहरणार्थ एन-२-४-१ या जातीचें, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत वाफ्यावर टाकावें, आणि सहा ते आठ आठवड्यांचीं रोपें डिसेंबरपासून जानेवारीच्या आरंभापर्यंत लावावीं. फार आधीं लावलेलीं मोठीं रोपें ऐन थंडींत सांपडलीं तर त्यांस डेंगळे येतात व कांदा पोसत नाहीं. मुळा व मेथी निघून गेलेल्या वाफ्यांत हा कांदा नेमका बसतो.

७. कीड व पाणी

कोबीचा मोठा शत्रु म्हणजे चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची हिरवी अळी. तिला कोबीहून मोहरी अधिक आवडते. म्हणून कोबी लावण्यापूर्वीं पंधरा दिवस कडेनें मोहरीची एक ओळ पेरावी, व लावणीनंतर पंचवीस दिवसांनीं दुसरी. अळ्या मोहरीवर जमतात. तेथें त्या वेंचून माराव्या. तरीहि कोबीवर आल्या तर निंबोळीचा अर्क फवारावा: ५० ग्रॅम निंबोळ्यांची भुकटी १ लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून, फडक्यानें गाळून, त्यांत थोडा साबण मिसळावा.

हिवाळ्यांत जमीन वरून ओली दिसली तरी बोटभर उकरून पाहावें, आणि मगच पाणी द्यावें. काळ्या जमिनीस आठदहा दिवसांनीं, हलक्या जमिनीस पांचसहा दिवसांनीं पाणी बहुधा पुरतें. वाळलेल्या गवताचें आच्छादन घातल्यास पाण्याची आणखी बचत होते. कडाक्याच्या थंडीची रात्र येणार असें दिसल्यास सायंकाळीं हलकें पाणी द्यावें. ओली माती कोरड्या मातीइतकी लवकर गार होत नाहीं.

कोणी म्हणतील कीं, आमच्या दारीं विहीर नाहीं. त्यांनीं न्हाणीचें व भांडीं घासलेलें पाणी चर खणून एका वाफ्याकडे न्यावें. त्यावर वांगें, मिरची, कोबी अशा शिजवून खावयाच्या भाज्याच घ्याव्या. कोथिंबीर, मुळा व गाजर हीं कच्चीं खातात, म्हणून त्यांस स्वच्छ पाणीच द्यावें.

कोंकणांतील वाचकांस दोन शब्द. तेथें थंडी याहून सौम्य आहे, म्हणून फुलकोबी व वाटाणा यांचा फार हव्यास धरूं नये. भात कापल्यावर जमिनींत जी ओल राहते तीच तेथील ठेव होय. ती उडून जाण्यापूर्वीं, कापणीच्या पाठोपाठच, वाल, चवळी व कुळीथ पेरावे. अलिबागेकडील पांढरा कांदाहि भाताच्या मागूनच घेतात. पीक निराळें असलें तरी नियम तोच: मागील पिकाचा शेवट होतांना पुढील पिकाची तयारी झालेली असावी.

पाठावरील प्रश्न

(१) आपल्या गांवीं खरी थंडी केव्हां सुरू होते व केव्हां संपते? त्यावरून कोबीचें बीं टाकण्याची तारीख मागें मोजून काढा.
(२) आपल्या परसांतील कोणता वाफा जागेचें भाडें देत नाहीं?
(३) सूत्रकृमींची गांठ व गवारीच्या मुळांवरील गांठ यांतील भेद एखादें झाड खणून शेजाऱ्यास दाखवा.
(४) वालाचा वेल पावसाळ्यांत कां फुलत नाहीं?
(५) उन्हाळी कांदा लवकर लावल्यानें काय होतें?

ज्यांनीं हे प्रश्न परसांत उभे राहून सोडविले त्यांस या पाठाची पुन्हां गरज पडणार नाहीं. ज्या घरीं अजून गादीवाफा झाला नाहीं, तेथें उत्तरा नक्षत्र लागण्यापूर्वीं एक कोपरा साफ करून ठेवावा. बाकीचें काम तो कोपराच पुढें ओढून नेईल.